उंची, वजन आणि वयावरून शरीरातल्या चरबीची टक्केवारी कशी काढायची

कागद, पेन, मोबाईलमधला कॅल्क्युलेटर आणि शिंप्याची टेप एवढं जवळ असलं की पंधरा मिनिटांत काम होतं. त्यातली दहा मिनिटं मोजमापात जातात आणि जायलाच हवीत, कारण सूत्र कितीही चांगलं असलं तरी त्यात चुकीची उंची घातली की उत्तर चुकीचंच येणार.

आधी मुद्दा साफ करून घेऊ. उंची, वजन आणि वय या तीन आकड्यांतून चरबी 'मोजली' जात नाही, तिचा अंदाज येतो. तुमच्याएवढ्या उंचीच्या, वजनाच्या आणि वयाच्या माणसांत सरासरी किती चरबी आढळली, एवढंच सूत्र सांगतं. तुम्ही त्या सरासरीच्या कुठल्या बाजूला आहात हे टेप सांगते. म्हणून टेपचा भाग शेवटी आला तरी तो गाळू नका.

उंची

'माझी उंची पाच सहा' हे वाक्य या हिशोबातलं सगळ्यात धोकादायक वाक्य आहे. पाच फूट सहा इंच म्हणजे १६७.६ सेंमी. पण कॅल्क्युलेटरमध्ये ५.६ फूट टाकले की होतात १७०.७ सेंमी. तीन सेंमी फुकटचे वाढले! पाच फूट दहा इंचवाल्याने ५.१० टाकले तर यंत्र ते ५.१ समजतं आणि १७७.८ ऐवजी १५५.४ सेंमी धरतं. ७४ किलोच्या माणसाच्या उत्तरात एवढ्याने साडेआठ टक्क्यांहून जास्त फरक पडतो. फूट गुणिले ३०.४८ अधिक इंच गुणिले २.५४, असा हिशोब करा. नाहीतर सरळ सेंटिमीटरमध्येच मोजा.

मोजताना खाली स्कर्टिंगची पट्टी बाहेर आलेली नाही अशी भिंत किंवा दाराची चौकट निवडा. त्या पट्टीमुळे टाचा भिंतीला टेकत नाहीत. चप्पल काढा, अंबाडा किंवा उंच बांधलेले केस सोडा. टाचा, नितंब आणि पाठ भिंतीला टेकलेली हवी. नजर समोर ठेवा, म्हणजे कानाचं छिद्र आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत येईल. हनुवटी वर केली की डोक्याचा माथा खाली जातो. मग दुसऱ्या कुणाला तरी जाड पुठ्ठ्याचं पुस्तक डोक्यावर असं ठेवायला सांगा की त्याची एक बाजू भिंतीला सपाट चिकटेल, आणि पुस्तकाच्या खालच्या कडेला पेन्सिलीची खूण करून घ्या. शक्यतो सकाळी मोजा. दिवसभरात मणके दबून संध्याकाळपर्यंत उंची सेंटिमीटरभर कमी होते. साठीच्या पुढच्यांनी जुन्या दाखल्यावरची उंची अजिबात वापरू नये, आज मोजलेलीच घ्यावी.

वजन

सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत वजन करा. जीन्स, पट्टा, पाकीट आणि मोबाईल मिळून किलोभर वजन सहज भरतं. काटा फरशीवर ठेवा. सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर ठेवला तर तो कमी-जास्त दाखवतो. काट्याची परीक्षाही घरीच होते. आधी एकट्याने उभे राहा, मग १० किलो तांदळाची न फोडलेली पिशवी हातात घेऊन उभे राहा. फरक १० किलोच्या अगदी जवळ आला तर काटा ठीक आहे. तीन दिवस लागोपाठ वजन घेऊन सरासरी काढा. आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालं असेल तर मीठ आणि पाण्यामुळेच सकाळी किलोभर वजन जास्त दिसू शकतं.

वय

पूर्ण झालेली वर्षं पुरेत. एका वर्षाने उत्तरात ०.२३ टक्के फरक पडतो, त्यामुळे महिने मोजत बसू नका. आपल्याकडे मागच्या पिढीतल्या पुष्कळांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत घालताना गुरुजींनी लावून टाकलेली! आजोबांचं खरं वय कागदावरच्या वयापेक्षा तीन वर्षांनी जास्त असलं तरी फरक पाऊण टक्क्याच्या आतच राहतो.

सूत्र आणि आकडेमोड

पहिली पायरी बीएमआय. किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग.

दुसरी पायरी म्हणजे नेदरलँड्सचे संशोधक पॉल ड्यूरेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडलेलं सूत्र. ते ७ ते ८३ वर्षं वयाच्या १,२२९ माणसांवर बेतलेलं आहे. त्यांची चरबी शरीराच्या घनतेवरून काढली होती. सोळा वर्षांपासून पुढच्यांसाठी ते असं आहे:

चरबी % = (१.२० × बीएमआय) + (०.२३ × वय) − (१०.८ × लिंग) − ५.४

पुरुषासाठी 'लिंग' १ आणि स्त्रीसाठी ०. म्हणजे पुरुषांनी एकूण १६.२ वजा करायचे, स्त्रियांनी फक्त ५.४. हा ० आणि १ उलटा घातला की उत्तर एका फटक्यात १०.८ टक्क्यांनी चुकतं. उत्तर अगदीच विचित्र वाटलं तर आधी हेच तपासा.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. पुरुष, वय ३४, उंची १६८ सेंमी, वजन ७४ किलो.

१.६८ × १.६८ = २.८२२४
७४ ÷ २.८२२४ = २६.२२ (बीएमआय)
१.२० × २६.२२ = ३१.४६
०.२३ × ३४ = ७.८२
३१.४६ + ७.८२ = ३९.२८
३९.२८ − १६.२ = २३.१ टक्के

७४ किलोचे २३.१ टक्के म्हणजे सुमारे १७ किलो चरबी. उरलेल्या ५७ किलोंत स्नायू, हाडं, पाणी आणि अवयव.

आता स्त्री, वय ४५, उंची १५४ सेंमी, वजन ६० किलो. बीएमआय २५.३०. ३०.३६ + १०.३५ − ५.४ = ३५.३ टक्के.

कॅल्क्युलेटरची एक खोड इथे सांगायला हवी. मोबाईलमधल्या कॅल्क्युलेटरला बहुधा गुणाकार आधी, बेरीज नंतर हे कळतं. दुकानात वापरतात तो साधा कॅल्क्युलेटर मात्र दाबाल त्या क्रमाने हिशोब करत जातो. त्यावर १.२० × २६.२२ + ०.२३ × ३४ असं सलग दाबलं तर हजारावर आकडा येतो. म्हणून प्रत्येक ओळ वेगळी करून कागदावर लिहा.

कुठल्या चुकीने किती बिघडतं याचाही अंदाज असू द्या. वरच्या पुरुषाच्या बाबतीत वजन एक किलोने चुकलं तर उत्तर ०.४ टक्क्याने हलतं, उंची दोन सेंमीने चुकली तर पाऊण टक्क्याने.

आलेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा

या सूत्राची प्रमाण त्रुटी त्याच्या कर्त्यांनीच ४.१ टक्के दिली आहे. म्हणजे २३.१ आलेल्या दर तीन माणसांपैकी ढोबळमानाने दोघांची खरी चरबी १९ ते २७ च्या दरम्यान असेल आणि तिसऱ्याची त्याच्याही बाहेर. उत्तर दशांशात आलं म्हणून अचूक ठरत नाही. '२३.१' असं न लिहिता 'साधारण २३, चार खाली-वर' असं लिहिण्याची सवय लावून घ्या.

एकाच बीएमआयच्या दोन माणसांत केवढं अंतर असू शकतं, याचा प्रसिद्ध दाखला पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच शेजारी शेजारी उभे राहून काढलेला फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. डेक्सा यंत्रावर (हे क्ष-किरणांनी चरबी आणि हाडं वेगवेगळी मोजतं) चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वय ५० धरून वरचं सूत्र चालवलं तर ते दोघांनाही २२.१ टक्के देईल. एकाच्या बाबतीत जवळपास नेम लागला, दुसऱ्याच्या बाबतीत १३ टक्क्यांनी हुकला. दोघांतला एक मॅरेथॉन धावणारा होता, हे त्यांनी स्वतःच गमतीने नोंदवलं आहे.

ही झाली माणसामाणसातली तफावत. पण आपल्या बाबतीत सूत्र एकाच बाजूला झुकतं, हे जास्त महत्त्वाचं. ते युरोपीय शरीरांवर बेतलेलं आहे. सिंगापूरमधल्या चिनी, मलाय आणि भारतीय वंशाच्या लोकांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की तेवढीच चरबी त्यांच्यात सुमारे ३ अंक कमी बीएमआयलाच आढळते. याची सुरुवात पार पाळण्यात होते. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती.

३ अंक गुणिले १.२० म्हणजे ३.६. म्हणून आपल्या माणसांसाठी सूत्राच्या उत्तरात साडेतीन टक्के मिळवून पाहावेत. हा कुणी ठरवून दिलेला नियम नव्हे, कामचलाऊ दुरुस्ती आहे. अंगमेहनत करणाऱ्या सडपातळ माणसाला ती लावू नये. वरचा पुरुष या हिशोबाने २६ ते २७ वर जातो, स्त्री ३९ च्या जवळ. पुरुषांत २५ टक्क्यांच्या आणि स्त्रियांत ३० टक्क्यांच्या वर चरबी जास्त समजतात. बीएमआयच्या बाबतीतही भारतीयांसाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, तो याच कारणासाठी.

आता टेप

पॅन्टचा नंबर म्हणजे कमरेचा घेर नव्हे. चौतीसची पॅन्ट पोटाखाली बांधून वर ४० इंचाचं पोट घेऊन वावरणारे कमी नाहीत.

कुशीला हात लावून खुब्याच्या हाडाची वरची कड चाचपा. तिच्या लगेच वरून टेप फिरवा, थेट कातडीवर. आरशात पाहून टेप पाठीमागे खाली घसरली नाही ना ते बघा. नेहमीचा श्वास सोडा आणि तो सोडून झाल्याच्या क्षणी आकडा वाचा. पोट आत ओढू नका, टेप कातडीत रुतवू नका. तीनदा मोजा आणि मधला आकडा घ्या. कापडी टेप वर्षानुवर्षं वापरून ताणली जाते, तेव्हा ती एकदा स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहा.

२०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयातल्या संशोधकांनी दिलेलं सूत्र इतकं सुटसुटीत आहे की तोंडी होतं:

पुरुष: ६४ − २० × (उंची ÷ कमर)
स्त्री: ७६ − २० × (उंची ÷ कमर)

उंची आणि कमर दोन्ही सेंटिमीटरमध्ये. यात वजन नाही आणि वयही नाही. आपल्या पुरुषाची कमर ९२ असेल तर १६८ ÷ ९२ = १.८२६, त्याची वीसपट ३६.५, उत्तर २७.५ टक्के. स्त्रीची कमर ८४ असेल तर ३९.३ टक्के. साडेतीन मिळवून आलेल्या आकड्यांच्या दोन्ही उत्तरं जवळ आहेत.

खरी गंमत सडपातळ दिसणाऱ्यांच्या बाबतीत होते. वय २७, उंची १७२, वजन ६२ किलो, दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा तरुण घ्या. बीएमआय २१, सूत्राचं उत्तर १५.२ टक्के. कुणीही शाबासकी देईल. पण कमर मोजली तर ८६ सेंमी. मग १७२ ÷ ८६ = २, आणि ६४ − ४० = २४ टक्के. हातपाय काडीसारखे आणि पोटाला नगारा, ही आपल्याकडची ओळखीची ठेवण उंची-वजनाच्या सूत्राला दिसत नाही. दोन उत्तरांत पाच टक्क्यांहून जास्त अंतर पडलं तर कमरेच्या बाजूने कौल द्यावा. याला अपवाद एकच, पहिलवान.

कोल्हापूरच्या तालमीतला २४ वर्षांचा, १७० सेंमी उंच, ९५ किलोचा मल्ल घ्या. उंची-वजनाचं सूत्र २८.८ देतं आणि कमर ९२ धरली तर दुसरं सूत्र २७. दोन्ही जास्तच. इथे अमेरिकी नौदलासाठी १९८४ मध्ये तयार झालेली पद्धत कामाला येते, कारण ती मान मोजते आणि स्नायूंनी भरलेल्या माणसाची मान जाड असते. पुरुषांसाठी सूत्र असं:

४९५ ÷ [१.०३२४ − ०.१९०७७ × लॉग(कमर − मान) + ०.१५४५६ × लॉग(उंची)] − ४५०

स्त्रियांसाठी:

४९५ ÷ [१.२९५७९ − ०.३५००४ × लॉग(कमर + नितंब − मान) + ०.२२१०० × लॉग(उंची)] − ४५०

सगळी मापं सेंटिमीटरमध्ये. मल्लाची मान ४४ असेल तर उत्तर १८.६ येतं, म्हणजे थेट दहा टक्क्यांनी खाली. ३४ वर्षांच्या आपल्या पुरुषाची मान ३८ धरली तर २३.३ येतं.

यात दोन ठिकाणी हमखास चुका होतात. कॅल्क्युलेटरवर 'लॉग' लिहिलेलं बटण दाबायचं. शेजारचं 'एलएन' हे वेगळं लॉग आहे आणि त्याने उत्तर निरर्थक येतं. तपासायला लॉग १०० काढा, २ यायला हवं. दुसरं म्हणजे इथे कमर वेगळ्या जागी मोजतात. पुरुषांची बेंबीच्या पातळीवर, स्त्रियांची जिथे सर्वांत कमी भरते तिथे. नितंब सर्वांत रुंद जागी मोजायचे आणि मान कंठमण्याच्या जरा खाली. जागा बदलली तर केवढा फरक पडतो पाहा: वरच्या स्त्रीची मान ३२, नितंब १०० आणि कमर ८४ धरली तर ३७.४ टक्के, पण सर्वांत बारीक जागी कमर ८० भरली तर ३५.५. माणूस तोच, टेप चार बोटं वर सरकली एवढंच.

चरबी कमी होतेय का, हे उंची-वजनाच्या सूत्राने पाहू नका

यात बरेच जण फसतात. आपला ३४ वर्षांचा माणूस ७४ वरून ७० किलोवर आला. नवा बीएमआय २४.८, नवी टक्केवारी २१.४. चरबी १७.१ किलोवरून १५.० किलो झाली. म्हणजे घटलेल्या ४ किलोंपैकी चरबी फक्त २.१ आणि उरलेले १.९ किलो स्नायू-पाणी? घाबरायचं कारण नाही. हा शोध शरीरात लागलेला नाही, तो सूत्राच्या रचनेतून आलेला आहे. त्याने व्यायाम केला की नुसता उपास, हे सूत्राला ठाऊक नसतं. दर किलोमागे ते तेवढंच वजा करतं. उलट एखाद्याने सहा महिने व्यायाम करून दोन किलो चरबी घालवली आणि दोन किलो स्नायू कमावले, तर वजन तेच आणि टक्केवारीही तीच.

प्रगती पाहायची तर महिन्यातून एकदा, त्याच टेपने, त्याच जागी कमर मोजा आणि आठवड्याच्या सरासरी वजनाशेजारी लिहून ठेवा. वजन स्थिर आणि कमर दोन सेंमीने कमी झाली असेल तर चरबी घटली आहे, सूत्र काहीही म्हणो.

घरच्या आणि जिममधल्या 'बॉडी फॅट' दाखवणाऱ्या काट्यांचंही थोडंफार असंच आहे. ते आधी तुमची उंची, वय आणि लिंग विचारतात, मग तळव्यांतून बारीकसा विद्युतप्रवाह सोडतात आणि सगळं एकत्र करून स्वतःच्या सूत्रात घालतात. उंची चुकीची भरली की तेही चुकतात. तळवे कोरडे असणं, नुकताच झालेला व्यायाम, पोटभर पाणी, यांनी आकडा हलतो. त्यात 'ॲथलीट' हा पर्याय चुकून निवडला गेला असेल तर टक्केवारी एकदम खाली दिसते, म्हणून ते आधी तपासा.

हे सूत्र कुणासाठी नाही

गरोदर स्त्रिया, बाळंतपणानंतरचे पहिले काही महिने, अंगावर सूज किंवा पोटात पाणी असलेले रुग्ण, डायलिसिसवरचे रुग्ण, हात किंवा पाय गमावलेले लोक यांच्यासाठी हा हिशोब चालत नाही. त्यांच्या वजनात चरबी आणि स्नायूंशिवाय दुसरंच काही मिसळलेलं असतं किंवा वजा झालेलं असतं. अतिशय स्थूल माणसांत ड्यूरेनबर्गचं सूत्र थोडं जास्तच दाखवतं.

पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांचं सूत्र वेगळं आहे:

(१.५१ × बीएमआय) − (०.७० × वय) − (३.६ × लिंग) + १.४

यात वय वजा होतं, मिळवलं जात नाही. बारा वर्षांचा, १४८ सेंमी उंच, ४२ किलोचा मुलगा १८.३ टक्क्यांवर येतो. पण वयात येण्याच्या काळात दर सहा महिन्यांनी शरीर बदलत असतं, त्यामुळे मुलांच्या बाबतीत टक्केवारीपेक्षा बालरोगतज्ज्ञांकडचा वाढीचा तक्ता जास्त उपयोगी पडतो. मुलाला त्याची टक्केवारी ऐकवत बसू नये.

एवढं करूनही दोन सूत्रांची उत्तरं जुळत नसतील, किंवा मधुमेहासारख्या कारणामुळे डॉक्टरांना नेमका आकडा हवा असेल, तर डेक्सा स्कॅन करून घ्यावा. हाडांची घनता तपासण्यासाठी जे यंत्र वापरतात तेच हे यंत्र. मात्र केंद्रात फोन करताना 'पूर्ण शरीराची चरबी मोजून मिळेल का' असं स्पष्ट विचारा. नाहीतर कंबर आणि खुब्याच्या हाडांचा अहवाल हातात पडतो आणि त्यात चरबीचा आकडा नसतो.